स्वस्त पाव आणि फुटलेला पक्ष : रॉबर्ट पील, १८४६

२५ जून १८४६ ची रात्र. लंडनच्या कॉमन्स सभागृहात आयर्लंडमधल्या हिंसाचाराला आळा घालण्यासाठी आणलेल्या विधेयकावर चर्चा चालू होती. मधेच वरिष्ठ सभागृहाकडून, लॉर्ड्सकडून, निरोप आला की परदेशी धान्याला आडकाठी करणारे धान्य कायदे रद्द करणारं विधेयक तिकडे मंजूर झालं. पंतप्रधान रॉबर्ट पील ज्यासाठी गेले सहा महिने झुंजत होता, ते पदरात पडलं. त्यानंतर काही तासांत आयरिश विधेयकावर मतं मोजली गेली. बाजूने २१९, विरुद्ध २९२. सरकार ७३ मतांनी हरलं.

विरुद्ध मत देणाऱ्यांत विरोधी पक्षाचे व्हिग होते, आयरिश खासदार होते, पण निकाल फिरवला तो पीलच्याच हुजूर पक्षातल्या सत्तरेक जणांनी. आयर्लंडवर कडक कायदा लावायला यांतल्या बहुतेकांची एरवी काहीच हरकत नसती. त्या रात्री मात्र त्यांना फक्त पील पडायला हवा होता. या बंडखोरांतल्याच डिझरायलीने पुढे त्यांचा नेता लॉर्ड जॉर्ज बेंटिंक याच्या चरित्रात हा प्रसंग लिहून ठेवला आहे. गावोगावचे जुने जमीनदार, पिढ्यान्‌पिढ्या पक्षाचा कणा असलेली घराणी, मत द्यायला पीलच्या डोळ्यांदेखत एकामागून एक निघून गेली. आकडा त्याच्या कानावर आला तेव्हा त्याने मानही वळवली नाही. हनुवटी पुढे काढून तसाच बसून राहिला. मनाला लागलं की तो असाच बसायचा.

हे प्रकरण मी अनेकदा वाचलं आहे, आणि दर वेळी एकाच ठिकाणी अडतो. धान्याच्या बाबतीत पील बरोबर होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण सदतीस वर्षं संसदेत काढलेल्या, मतांची आकडेमोड कोळून प्यायलेल्या या माणसाने आपल्या माणसांना बरोबर नेण्याचा खरा प्रयत्न केला का? मला वाटतं, नाही. त्याने मत बदललं यात चूक नव्हती. बदललेलं मत महिनोन्‌महिने खिशात ठेवलं, ही चूक होती. आणि जे कारण पुढे करून त्याने ते अखेर बाहेर काढलं, त्या आयर्लंडच्या उपाशी माणसांना या कायद्याचा वेळेवर फारसा उपयोग झाला नाही. त्यांना त्या वर्षी जगवलं ते पीलच्याच दुसऱ्या एका निर्णयाने. त्या निर्णयाबद्दल फार कमी बोललं जातं.

गिरणीवाल्याचा मुलगा

पीलचा जन्म ५ फेब्रुवारी १७८८ चा, लँकशरमधल्या बरी या गावचा. आजोबांनी कापडछपाईत पैसा केला, वडिलांनी सूतगिरण्यांत तो वाढवला आणि सरदारकी मिळवली. मुलगा हॅरोला शिकला, ऑक्सफर्डला अभिजात भाषा आणि गणित अशा दोन्ही विषयांत पहिल्या वर्गात आला. एकविसाव्या वर्षी, १८०९ मध्ये, वडिलांच्या पैशाच्या जोरावर आयर्लंडमधल्या कॅशेल या चिमुकल्या मतदारसंघातून तो खासदार झाला. जमीनदारांच्या पक्षाचा हा नेता गिरणीच्या पैशावर वाढलेला होता आणि त्याच्या बोलण्यातून लँकशरची ढब पुरती कधी गेली नाही. पक्षातल्या जुन्या घराण्यांनी त्याला मानलं, त्याच्या मागे चालली, पण आपल्यातला कधी धरलं नाही. त्यानेही ते अंतर मिटवायची खटपट केली नाही. स्वभाव थंड, लाजरा, तुटक. त्याचं हसू शवपेटीवरच्या चांदीच्या पट्टीसारखं आहे, असं आयर्लंडच्या कॅथलिकांचा नेता ओकॉनेल म्हणायचा.

१८१२ ते १८१८ तो आयर्लंडचा मुख्य सचिव होता. १८१७ ची तिथली टंचाई आणि मदतकार्य त्याने जवळून पाहिलं. भूक कशी पसरते आणि सरकार किती उशिरा जागं होतं, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. १८२० मध्ये ज्युलिया फ्लॉइडशी लग्न झालं. तिचे वडील जनरल फ्लॉइड टिपूविरुद्धच्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत घोडदळाचे सेनानी होते. हा संसार अखेरपर्यंत सुखाचा झाला आणि सभागृहात दगडासारखा दिसणारा पील पत्नीला मात्र भरभरून पत्रं लिहीत असे.

गृहमंत्री म्हणून त्याने फाशीच्या शिक्षेचे कितीतरी गुन्हे कमी केले आणि १८२९ मध्ये लंडनचं पोलीस दल उभं केलं. लंडनचा पोलीस अजून ‘बॉबी’ म्हणवतो तो याच रॉबर्टच्या नावावरून.

१८२९ मधली आणखी एक गोष्ट या प्रकरणासाठी जास्त महत्त्वाची आहे. कॅथलिकांना संसदेत बसू द्यायला पीलचा आयुष्यभर विरोध होता. ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्याला निवडून दिलं ते त्याच भरवशावर. पण आयर्लंडच्या क्लेअरमधून ओकॉनेल निवडून आला आणि नकार दिला तर यादवी पेटेल हे पीलने ओळखलं. त्याने मत फिरवलं. मग विद्यापीठाच्या जागेचा राजीनामा दिला, पुन्हा त्याच मतदारांपुढे उभा राहिला आणि हरला. दुसरीकडून निवडून येऊन त्याने कायदा केलाच. पण ज्यांना शब्द दिला होता त्यांच्यापुढे जाऊन त्याने आधी मार खाल्ला. १८४६ मध्ये त्याने असं केलं नाही, हे इथे लक्षात ठेवलेलं बरं.

कायदा कसा चालायचा

‘कॉर्न लॉज’ मधला कॉर्न म्हणजे मका नव्हे. ब्रिटिश इंग्रजीत कॉर्न म्हणजे एकूण धान्य, आणि या वादात मुख्यतः गहू. नेपोलियनशी युद्ध संपताच परदेशी गहू येऊन भाव कोसळतील या भीतीने १८१५ मध्ये संसदेने ठरवलं की देशातला गहू क्वार्टरला ८० शिलिंगांवर जाईपर्यंत बाहेरचा गहू विकायला येऊ द्यायचा नाही. क्वार्टर म्हणजे आजच्या मापाने साधारण २१८ किलो. संसद जमीनदारांची होती आणि जमीनदारांचं उत्पन्न खंडाचं. कुळाला भाव मिळाला तर खंड चढा राहणार, असं ते साधं गणित होतं.

१८२८ मध्ये सरकती पट्टी आली. देशात भाव उतरला की आयात शुल्क चढायचं आणि भाव चढला की शुल्क उतरायचं. पीलने १८४२ मध्ये ही पट्टी सौम्य केली. भाव ५१ शिलिंगांखाली असेल तर शुल्क २० शिलिंग, ७३ च्या वर गेला तर फक्त १. कागदावर ही योजना शहाणपणाची दिसते. बंदरावरचा व्यापारी काय करायचा ते पाहिलं की ती कळते. जहाज आलं की तो माल सरकारी कुलपाच्या गोदामात टाकायचा आणि वाट पाहायचा. भाव चढेल तसं शुल्क पडणार आणि दोन्हीकडून फायदा. म्हणजे लोक चढ्या भावाने पाव घेत असताना गहू बंदरातच पडून असायचा, आणि मग सगळ्यांची गोदामं एकदम उघडली की भाव धाडकन खाली यायचा. त्यात मजूर भरडायचा आणि शेतकरीही. कायद्याने ज्याला स्थिर भाव द्यायचं वचन दिलं होतं, त्यालाच तो मिळत नव्हता.

कॉब्डेन

या कायद्याविरुद्ध मँचेस्टरच्या कापडवाल्यांनी १८३९ मध्ये ‘अँटी-कॉर्न लॉ लीग’ ही संघटना उभारली. रिचर्ड कॉब्डेन आणि जॉन ब्राइट हे तिचे दोन आवाज. १८४० पासून पत्राला एक पेनी पुरू लागली होती, त्यामुळे पत्रकं घरोघर पोचायची. पगारी व्याख्याते गावोगाव फिरायचे.

या व्याख्यात्यांत जॉर्ज थॉम्पसन होता. गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यात त्याने नाव कमावलं होतं. हाच थॉम्पसन ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांच्या सभेत साताऱ्याचे पदच्युत छत्रपती प्रतापसिंह महाराज यांची बाजू मांडत होता. महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते १८४० पासून लंडनमध्ये ठाण मांडून बसले होते. पीलचं हे पाच वर्षांचं सरकार आलं आणि गेलं तेव्हा ते तिथेच होते. थॉम्पसनच्या ब्रिटिश इंडिया सोसायटीने १८४१ मध्ये ठरवलं की आधी धान्य कायदा पाडू, मग हिंदुस्थानकडे पूर्ण लक्ष देऊ. न्याय मागायला आलेल्या आपल्या माणसाला तिथे पावाच्या प्रश्नामागे थांबावं लागलं. कायदा पडला, पण महाराजांना न्याय मिळाला नाही. ते १८४७ मध्ये काशीला कैदेतच वारले आणि रंगो बापूजी १८५३ पर्यंत अर्ज-विनंत्या करत राहिले. धान्य कायद्याच्या इतिहासात ही ओळ सहसा येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिली.

पील १८४१ ची निवडणूक ऐंशीच्या आसपास बहुमताने जिंकून आला होता, आणि त्याचे बहुतेक खासदार धान्य कायदा राखण्याच्या वचनावर निवडून आले होते. पण आल्या आल्या त्याने उलटी वाट धरली. वर्षाला १५० पौंडांवर कमावणाऱ्यांना पौंडामागे ७ पेन्स प्राप्तिकर बसवला आणि त्या पैशाच्या आधारावर शेकडो वस्तूंवरची जकात कमी केली. श्रीमंतांच्या उत्पन्नावर कर आणि गरिबाच्या बाजारावर सूट, असं हे धोरण होतं. शुल्कं उतरली तरी तिजोरी कोसळली नाही. मग एकट्या गव्हालाच कुंपण कशाला, हा प्रश्न त्याच्या स्वतःच्याच अंदाजपत्रकातून उभा राहत होता.

२० जानेवारी १८४३ रोजी लंडनच्या भर रस्त्यात त्याचा सचिव एडवर्ड ड्रमंड याच्यावर मॅकनॉटन नावाच्या माणसाने गोळी झाडली. त्याला मारायचं होतं पीलला. ड्रमंड पाच दिवसांनी गेला. चारच आठवडे झाले असतील, कॉब्डेन सभागृहात उभा राहिला आणि म्हणाला की देशाच्या या हलाखीला पंतप्रधान व्यक्तिशः जबाबदार आहेत. पील संतापाने थरथरत उठला. हा माझ्या जिवावर उठायचा इशारा आहे, असंच त्याने घेतलं. कॉब्डेनच्या मनात तसं काही नव्हतं. पण सचिवाचं रक्त ताजं होतं. या दोघांत पुढे वर्षानुवर्षं साधं बोलणंही नव्हतं.

आणि तरीही पील कॉब्डेनचं ऐकत होता. १३ मार्च १८४५ ला कॉब्डेनने शेतकऱ्यांच्या दुरवस्थेवर भाषण केलं. त्याने गिरणीमजुराबद्दल नाही, कुळाबद्दल बोलणं निवडलं. हा कायदा कुळाला वाचवत नाही, त्याचा खंड वाढवतो. त्याच्याकडे जमीन सुधारायला भांडवल नाही, लांब मुदतीचे पट्टे नाहीत, आणि भाव कधी कोसळेल याचा नेम नाही. पील समोरच्या बाकावर बसून उत्तरासाठी टिपणं काढत होता. सांगतात की ऐकता ऐकता त्याने तो कागद चुरगळला आणि शेजारच्या सिडनी हर्बर्टला म्हणाला, याला उत्तर तुम्ही द्या, माझ्याने होणार नाही.

माझ्या लेखी अख्खं प्रकरण त्या चुरगळलेल्या कागदात आहे. त्या संध्याकाळी आयर्लंडचा बटाटा धडधाकट होता, गव्हाचे भाव बरे होते, कुठे आरडाओरड नव्हती. पीलकडे चांगल्या पिकांच्या वर्षांचा अनुभव होता. धान्य उतरलं की मालक मजुरी उतरवतात, हे कायद्याच्या बाजूचं जुनं कारण त्या वर्षांत खोटं ठरलं होतं. पुढे १८४६ मध्ये हे त्याने स्वतःच सभागृहात सांगितलं. मग १८४५ च्या मार्चमध्ये का नाही? पक्षाच्या लोकांना बोलावून, बाबांनो, मला हे कारण आता पटत नाही, तुमचं काय म्हणणं आहे ते सांगा, एवढं म्हणायला काय हरकत होती?

त्याऐवजी हर्बर्ट उठला आणि म्हणाला की शेतीवाल्यांनी संसदेपुढे सारखं रडगाणं गाऊ नये. मागच्या बाकांवरच्या ज्या जमीनदारांच्या मतांवर सरकार उभं होतं, त्यांना हे ऐकावं लागलं. चार दिवसांनी डिझरायलीने ते शब्द पकडून सरकारची सालटी काढली.

हे एकदाच घडलं असतं तर गोष्ट वेगळी. १८४४ मध्ये साखरेच्या शुल्कावर सरकार हरलं, तेव्हा पीलने राजीनाम्याची धमकी देऊन तीनच दिवसांत त्याच खासदारांकडून उलटं मत घेतलं. गिरण्यांतल्या कामाच्या तासांवरही तसंच झालं. १८४५ मध्ये आयर्लंडमधल्या मेनूथच्या कॅथलिक विद्यालयाचं अनुदान वाढवलं तेव्हा निम्मा पक्ष त्याच्या विरोधात गेला. निर्णय बहुधा योग्यच होते. पण दर वेळी पद्धत तीच: मी ठरवलं आहे, तुम्ही हात वर करा. आपण राणीचे मंत्री, राज्य चालवणं हे आपलं कर्तव्य, आणि पक्षाने पाठीशी राहणं हे पक्षाचं, अशी त्याची समजूत होती. त्या मागच्या बाकावरच्या माणसाला घरी जाऊन आपल्या मतदारांना तोंड द्यायचं असतं, हे त्याच्या हिशेबात कधी नीट आलंच नाही.

बटाटा

१८४५ च्या उन्हाळ्याअखेर दक्षिण इंग्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर एक अनोळखी रोग दिसला. शरदात तो आयर्लंडमध्ये पोचला. पानांवर काळे डाग, मग कुबट वास. जमिनीतून चांगले काढलेले बटाटे चार दिवसांत खड्ड्यात लगदा. आयर्लंडची लोकसंख्या तेव्हा सुमारे ८२ लाख होती, आणि त्यातल्या कितीतरी लाखांच्या ताटात बटाट्याशिवाय दुसरं काही नसायचं. गहू, ओट, डुकरं, लोणी हे सगळं त्या देशात पिकायचं, पण ते खंड भरायला विकलं जायचं.

पीलने शास्त्रज्ञ पाठवले. लिंडली आणि प्लेफेअर यांनी कळवलं की जवळपास निम्मं पीक गेलं किंवा जाणार. अंदाज थोडा जास्तीचा निघाला, पण दिशा खरी होती. ऑक्टोबरमध्येच पीलने गृहमंत्री ग्रॅहमला लिहिलं की आयातीवरचे अडथळे काढणं हाच उपाय दिसतो. ६ नोव्हेंबरच्या मंत्रिमंडळ बैठकीत त्याने बंदरं उघडायचा प्रस्ताव ठेवला. त्याच्या बाजूने उभे राहिले तिघे: ग्रॅहम, ॲबर्डीन आणि सिडनी हर्बर्ट. बाकीचे गप्प, नाहीतर विरोधात. सडक्या बटाट्यांनी पीलला भेदरवून सोडलंय, असं ड्यूक ऑफ वेलिंग्टन चरफडत म्हणाला.

याच नोव्हेंबरमध्ये पीलने दुसरी गोष्ट केली, आणि ती मंत्रिमंडळातल्या भांडणाचा निकाल लागायची वाट न पाहता केली. बेअरिंग बंधूंच्या पेढीमार्फत त्याने अमेरिकेतून १ लाख पौंडांचा मका गुपचूप खरेदी करवला. गुपचूप अशासाठी की सरकार बाजारात उतरलंय हे कळलं असतं तर भाव चढले असते. मकाच अशासाठी की आयर्लंडमध्ये मक्याचा व्यापार जवळजवळ नव्हता, तेव्हा आमच्या पोटावर पाय आला अशी कुणा व्यापाऱ्याची तक्रार असणार नव्हती.

मका कॉर्कला उतरला तेव्हा नवीच अडचण. हा दगडासारखा कडक दाणा, आयर्लंडच्या गिरण्यांचं जातं त्याला पुरं पडेना. दोनदा दळावा लागे. लोकांनी तो कधी पाहिलेला नव्हता, शिजवायचा कसा ते ठाऊक नव्हतं. अर्धवट दळलेला, अर्धवट शिजलेला खाऊन पोटं बिघडली. त्या पिवळ्या पिठाला लोक ‘पीलचं गंधक’ म्हणायला लागले. भाकरीच्या मुलखातल्या वाचकाला मका शिजवण्यात काय एवढं कठीण, असं वाटेल. पण ज्या घरात एका भांड्यात बटाटे उकडण्यापलीकडे चूल कधी वापरली गेली नाही, त्या घरात अनोळखी धान्य म्हणजे केवढा पेच, हे डोळ्यांपुढे आणून पाहावं. मदत आयोगाने कृतीची पत्रकं काढली, दळण्याच्या सूचना दिल्या. मार्च १८४६ मध्ये सरकारी कोठारं उघडली आणि पीठ पौंडाला एक पेनी दराने विकायला ठेवलं. जोडीला रस्त्यांची कामं काढली, म्हणजे हातात पेनी यायची सोय. कोठारांपुढे इतकी झुंबड उडाली की पोलीस लावावे लागले. नावं ठेवणारं तोंडच ते पीठ मागायला लागलं होतं.

त्या पहिल्या हंगामात आयर्लंडमध्ये उपासमारीने माणसं फारशी मेली नाहीत. डब्लिनचं फ्रीमन्स जर्नल काही पीलचं मित्र नव्हतं, पण १८४७ मध्ये त्यानेही लिहिलं की त्याच्या कारभारात दुष्काळाने माणूस दगावला नाही.

आता धान्य कायद्याचा आयर्लंडला काय उपयोग झाला ते बघू. नव्या कायद्यानुसार मक्यावरचं शुल्क लगेच नाममात्र झालं, हे मान्य केलं पाहिजे. पण गव्हावरचं शुल्क टप्प्याटप्प्याने उतरून एका शिलिंगावर येणार होतं ते १ फेब्रुवारी १८४९ ला. ज्याच्या खिशात दमडी नाही, त्याला गहू साठ शिलिंग काय आणि पन्नास काय? बटाटा त्याने स्वतः पिकवलेला होता, विकत घेतलेला नव्हता. कायदा राखू पाहणारे प्रोटेक्शनवाले हे तेव्हाच म्हणत होते, आणि या एका मुद्द्यावर ते खरे होते. आयर्लंड ही पीलला सापडलेली संधी होती. कारण त्याला कॉब्डेनने आधीच दिलेलं होतं.

सहा महिने

डिसेंबरचं नाट्य थोडक्यात. व्हिग नेता लॉर्ड जॉन रसेलने नोव्हेंबरअखेर एडिंबरोहून मतदारांना पत्र लिहून धान्य कायदा पूर्ण रद्द करायची मागणी केली. पीलचं मंत्रिमंडळ एकमत होईना, त्याने ५ डिसेंबरला राजीनामा दिला. रसेलला आपल्याच दोघा नेत्यांत परराष्ट्र खात्यावरून जमेना, तेव्हा त्याने २० तारखेला हात वर केले. पील परत आला. मंत्री स्टॅनली सरकार सोडून गेला, त्याच्या जागी ग्लॅडस्टन आला. वेलिंग्टनला हा बदल पटत नव्हता, पण राणीचं सरकार चाललं पाहिजे म्हणून तो राहिला आणि पुढे लॉर्ड्समध्ये त्यानेच विधेयक तारलं.

२७ जानेवारी १८४६ ला पीलने योजना मांडली. कायदा तीन वर्षांत जाणार, बदल्यात जमीनवाल्यांना जमिनीतल्या पाण्याच्या निचऱ्यासाठी स्वस्त कर्ज आणि काही स्थानिक खर्चांतून सूट. मागच्या बाकांवरून टाळ्या नाहीत. टाळ्या समोरून, विरोधकांकडून.

फेब्रुवारीअखेरच्या मतदानात त्याच्याबरोबर पक्षाचे ११२ जण राहिले आणि त्याच्या दुपटीहून जास्त विरुद्ध गेले. १५ मेच्या पहाटे तिसरं वाचन ३२७ विरुद्ध २२९ अशा मतांनी पार पडलं, पण ती मतं व्हिगांची. आजवर सभागृहात क्वचितच बोललेला घोड्यांचा शौकीन बेंटिंक एकाएकी नेता झाला आणि त्याच्या शेजारी बसून डिझरायलीने महिनोन्‌महिने पीलला सोलून काढलं. यात धान्याबद्दल कमी आणि विश्वासाबद्दल जास्त होतं. तुम्ही आमचं नाव घेऊन निवडून आलात आणि त्यांचं काम केलंत, हा त्याचा एकच सूर. मागचे बाक हसत, ओरडत. अपमान गिळून बसलेल्या माणसांना बोलणारं तोंड मिळालं होतं.

त्या मेमधल्या रात्री पीलने एकदाच उलट विचारलं. माझ्याबद्दल तुमचं असं मत होतं, तर १८४१ मध्ये माझ्या सरकारात यायला का तयार होता? डिझरायली उठला आणि आपण पद मागितलंच नव्हतं, असं सरळ खोटं बोलला. पाच वर्षांपूर्वी त्याने पीलला काकुळतीला येऊन लिहिलेलं पत्र अस्तित्वात होतं, पुढे ते छापूनही आलं. पीलने ते त्या रात्री वाचून दाखवलं नाही. खासगी पत्र म्हणजे खासगी पत्र. या माणसाबद्दल मला आदर वाटतो तो अशा ठिकाणी.

मतदारांकडे का गेला नाही

पीलच्या पाठीराख्यांपैकी काहींनी त्याचीच १८२९ ची वाट धरली. लॉर्ड ॲशली कायदा रद्द करण्याच्या बाजूने झाला होता, पण मला डॉर्सेटने कायदा राखायला निवडलं म्हणून त्याने जानेवारीतच जागा सोडली. लॉर्ड लिंकन मंत्रिपद घेताना रीतीप्रमाणे पुन्हा मतदारांपुढे गेला आणि दक्षिण नॉटिंगहॅमशरमध्ये पडला. म्हणजे विचारायची रीत होती, आणि विचारलं तर उत्तर काय येईल याची चुणूकही मिळत होती.

पीलने संसद विसर्जित केली नाही. लोकांच्या अन्नाच्या प्रश्नावर निवडणूक लढवली तर गिरणीविरुद्ध शेत आणि गरिबाविरुद्ध श्रीमंत अशी आग लागेल, ही त्याची भीती खरी होती. १८४२ चे संप आणि मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्टांचे मोर्चे त्याने पाहिले होते. शिवाय मतदान कुणाला होतं? ज्या मजुराच्या पावाचा प्रश्न होता, त्याला मत नव्हतंच. मतदारांना विचारा हा आग्रह धरणारे जमीनदार स्वतःच्या कुळांची मतं खिशात घेऊन फिरत होते. हे सगळं वजनात धरलं की पीलने निवडणूक टाळली याबद्दल मी त्याला दोष देऊ शकत नाही. त्याने राजीनामाही देऊन पाहिला होता, दुसऱ्याला सरकार बनवता आलं नाही.

माझा आक्षेप त्याच्या आधीच्या आठ महिन्यांवर आहे, मार्च ते नोव्हेंबर १८४५. कागद चुरगळल्यानंतर त्याला वेळ होता. पक्षातल्या शंभरेक जणांनी पुढे त्याला साथ दिलीच, तीही काही न सांगता-सवरता एकदम पुढ्यात आल्यावर. त्यांना वर्षभर आधी विश्वासात घेतलं असतं, गावागावांत हिशेब मांडले असते, तर ते दीडशे झाले असते का, हे कुणी सांगू शकत नाही. फुटायचे ते फुटलेच असते. पण विश्वासघात हा शब्द त्यांच्या तोंडी इतका सहज बसला नसता. हुजूर पक्षाला यानंतर स्वबळावर बहुमत मिळालं ते थेट १८७४ मध्ये, अठ्ठावीस वर्षांनी, आणि ते मिळवलं डिझरायलीने. धान्यावरचं संरक्षण परत आणायचा विषय तर त्यांनी १८५२ मध्येच सोडून दिला होता.

आयर्लंडने याहून मोठी किंमत दिली. १८४६ च्या उन्हाळ्यात रोग परत आला आणि या खेपेला जवळजवळ सगळं पीक गेलं. तोवर पील पायउतार झाला होता. रसेलच्या सरकारने आणि ट्रेझरीतल्या चार्ल्स ट्रेव्हेलियनने ठरवलं की धान्य आणायचं काम व्यापाऱ्यांचं, सरकारने त्यात पडायचं नाही. पुढच्या पाच-सहा वर्षांत सुमारे १० लाख माणसं भुकेने आणि तापाने मेली, तितकीच किंवा जास्त देश सोडून गेली. १८५१ च्या जनगणनेत लोकसंख्या ६५ लाखांवर आली. मुक्त व्यापाराचा कायदा तेव्हा लागू होता. गुपचूप घेतलेला सरकारी मका मात्र नव्हता.

२९ जून १८४६

राजीनाम्याच्या भाषणात पीलने श्रेय कुणाचं ते सांगितलं. हे ना लॉर्ड जॉनचं, ना माझं. या कायद्याशी ज्याचं नाव जोडलं जावं तो माणूस रिचर्ड कॉब्डेन. तीन वर्षांपूर्वी ज्याला त्याने आपल्या जिवावर उठलेला म्हटलं होतं, तोच. सभागृहात अनेकांना हे रुचलं नाही, त्याच्या मित्रांनाही. मग तो म्हणाला की मक्तेदारीची ओरड करणारे माझ्या नावाने बोटं मोडतील. पण घाम गाळून पोट भरणाऱ्यांच्या घरांत कदाचित माझं नाव कधीतरी आपुलकीने निघेल, जेव्हा ती माणसं कर न लागलेलं पोटभर अन्न खातील, आणि त्यात अन्यायाची चव नसल्यामुळे ते त्यांना अधिक गोड लागेल.

तो बाहेर आला तेव्हा रस्त्यात गर्दी होती. लोकांनी टोप्या काढल्या, वाट करून दिली आणि त्याच्याबरोबर घरापर्यंत चालत गेले.

त्यानंतर त्याने पद घेतलं नाही. बरोबर चार वर्षांनी, २९ जून १८५० ला, कॉन्स्टिट्यूशन हिलवर घोडा उधळला, तो पडला आणि घोडा त्याच्या अंगावर आला. बरगड्या मोडल्या होत्या. व्हाइटहॉल गार्डन्समधल्या घरी जेवणाच्या खोलीतच त्याला ठेवलं, वर न्यायची सोय नव्हती. तीन दिवस रस्त्यावर साधी माणसं उभी राहून आत काय चाललंय याची वाट पाहत होती. २ जुलैला तो गेला. माझ्या सेवेबद्दल घरातल्या कुणी पदवी घेऊ नये, असं त्याने लिहून ठेवलं होतं. ज्युलियाला सरदारकी देऊ केली गेली. तिने नाही म्हटलं.